जॅकवर घेतलेली गाडी सरकते, कलते किंवा हळूहळू खाली बसते: काय तपासायचं आणि कुठे हात टेकायचे

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाचं चाक बसलं किंवा कुणाला स्वतः ब्रेक पॅड बदलायची हौस आली, की निरोप माझ्याकडे येतो. तक्रार ठरलेली: "जॅक बेकार आहे." जॅक क्वचितच बेकार असतो. बहुतेक वेळा खालची जमीन दगा देते, चाकांना काही लावलेलं नसतं किंवा जॅक भलत्याच ठिकाणी टेकवलेला असतो. वर्षानुवर्षं त्याच त्या भानगडी निस्तरतोय, म्हणून एकदा क्रमाने लिहून टाकतो. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

लक्षणं

- चाक जमिनीवरून सुटता सुटता गाडी बोटभर पुढे-मागे जाते आणि जॅक तिरका होतो.
- जॅकचा पाया एका बाजूने रुततो, पेव्हर ब्लॉक दबतो.
- जॅक पुरता वर गेला तरी चाक टेकलेलंच. किंवा टायर इतका बसलाय की जॅक खाली शिरतच नाही.
- हँडल फिरवताना जॅक अडकतो, कुरकुरतो आणि मग एकदम सुटतो.
- ट्रॉली जॅकवर (चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक जॅक) ठेवलेली गाडी चहा पिऊन येईपर्यंत दोन इंच खाली आलेली असते.
- दाराखालची पत्र्याची कड दुमडते, आतून कटकट आवाज येतो.
- सगळे नट काढले तरी चाक जागचं हलत नाही.

यातलं काहीही दिसलं की पहिलं काम एकच. जॅक उतरवा, चाक जमिनीला टेकवा, मग कारण शोधा. तिरक्या झालेल्या जॅकला पायाने ढोसून सरळ करणारे महाभाग मी पाहिलेत. भाराखालचा जॅक सुटला की तो कुठल्या दिशेने उडेल याचा नेम नसतो.

आणि पुढचं सगळं वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. धरून ठेवण्यासाठी स्टँड, म्हणजे गाडीखाली लावायचे चार पायांचे लोखंडी आधार असतात. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही, पडलेला नट काढायलासुद्धा नाही. नट काठीने ओढून घ्या.

जागा बघा

याला पैसे लागत नाहीत, आणि म्हणूनच कुणी बघत नाही.

स्टिल्ट पार्किंगची फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण गाड्या धुतलेलं आणि पावसाचं पाणी जाळीकडे जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. पाण्याची गोल बाटली भरून आडवी ठेवा, आधी गाडीच्या लांबीत, मग रुंदीत. घरंगळली तर जागा बदला. पोडियमच्या रॅम्पवर तर जॅक काढायचाच नाही, "फक्त पाच मिनिटांचं काम" असलं तरी. सोसायटीबाहेरच्या रस्त्यालाही गटाराकडे उतार असतो, त्यामुळे तिथे गाडी बाजूला कलायला आधीच तयार असते.

मग पायाखाली काय आहे ते पाहा. कोबा किंवा काँक्रीट उत्तम. पेव्हर ब्लॉक फसवे. ते वाळूच्या थरावर बसवलेले असतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती वाळू पाण्याबरोबर वाहून जाते. वरून ब्लॉक जागच्या जागी, खाली पोकळ. जॅक लावायच्या जागी टाचेने दाबून पाहा, लोखंडी पान्याने ठोकून पाहा. ब्लॉक डगमगला किंवा पोकळ वाजला तर तिथे नको. डांबराचंही तसंच: मे महिन्यात भर दुपारी ते इतकं मऊ पडतं की जॅकचा पाया त्यात ठसा उमटवून आत जातो. ड्रेनेज चेंबरचं झाकण, पाण्याच्या भूमिगत टाकीचं झाकण, गटाराची जाळी यांच्यावर किंवा त्यांना खेटून जॅक लावायचा नाही. गाडीची चाकं अशा झाकणांवरून जातात तेव्हा वजन टायरच्या रुंदीवर पसरलेलं आणि क्षणभराचं असतं. जॅक तेच वजन तळहाताएवढ्या जागेत, अर्धा तास दाबून धरतो.

मुंबईत आता आणखी एक प्रकार आलाय, गाड्या यंत्राने एकावर एक ठेवणारं स्टॅक आणि पझल पार्किंग. त्या लोखंडी ट्रेवर गाडी उभी असताना जॅक लावायचा नाही, वरच्या ट्रेवर नाही आणि खालच्याही नाही. तो ट्रे चार चाकांचं वजन त्याच्या पट्ट्यांवर घेण्यासाठी बनवलेला असतो, मधल्या पत्र्यावर एका टोकाचा भार घेण्यासाठी नाही. शिवाय तुम्ही खाली वाकलेले असताना वरच्या मजल्यावरच्या काकांनी गाडी मागवली, की यंत्र हलणार. गाडी बाहेर काढा, टायर बसलेला असला तरी हवा भरून काढा. बारा व्होल्टचा छोटा पंप डिकीत असणं अशा वेळी जॅकपेक्षा मोलाचं ठरतं.

गाडी सरकते का? हँडब्रेक आणि ठोकळे

"हँडब्रेक ओढला होता, गिअरमध्ये होती, तरी सरकली." हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. सांगणारा खोटं बोलत नसतो.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. आता पुढचं एक चाक उचला. दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल असतो, त्याचं कामच मुळी दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणं. गाडी गिअरमध्ये असली तरी हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. म्हणजे गिअरची पकड संपली. ऑटोमॅटिकमधल्या 'पी'चीही तीच गत. राहिला एकटा हँडब्रेक. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर ओढून-सोडून त्याची केबल सैल झालेली असते. लिव्हर जवळजवळ उभी होईपर्यंत वर येत असेल, तर तो ब्रेक सपाट जागी गाडी धरेलही, पण जॅकचा एक धक्का तो सोसणार नाही. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हाच खेळ मागचं चाक उचलल्यावर होतो: गिअर गेला, आणि हँडब्रेक उरला तो जमिनीवरच्या एका चाकापुरता.

दुसरी पंचाईत ड्रमची. मागचा ब्रेक ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं गोल लोखंडी झाकण, काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर आतले लायनर (ब्रेकच्या पट्ट्या) ड्रमला धरून ठेवतात. म्हणजे नेमक्या कामाच्या वेळी गाडीला धरणारं काहीच नाही. मागची दोन्ही चाकं एकदम उचलली तर हँडब्रेक ओढून तरी काय उपयोग? तो लागतो ती चाकं हवेत.

म्हणून ठोकळे. जे टोक उचलायचं त्याच्या विरुद्ध टोकाच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून. पुढचं चाक उचलताय तर मागच्या दोन्ही चाकांना. फक्त उताराच्या बाजूने लावून भागत नाही, कारण जॅक वर जाताना गाडी आधी एकीकडे आणि उतरताना दुसरीकडे झुकते. लाकडाचे तिरके कापलेले ठोकळे, निदान चार-पाच इंच उंचीचे, टायरच्या रुंदीचे. बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी फर्निचरचं काम चालू असतंच, सुताराला सांगितलं तर उरलेल्या लाकडातून तो पाच मिनिटांत चार कापून देतो. खाली जुन्या ट्यूबची पट्टी ठोकून घ्या, म्हणजे गुळगुळीत लादीवर घसरत नाहीत. विटा वापरू नका. वीट भार आला की चुरते, आणि चुरताना आवाजही करत नाही. गोल दगड तर चाकाबरोबर गडगडत जातो.

ठोकळा पायाने ढकलून टायरला घट्ट भिडवा. मधे बोटभर फट ठेवली तर गाडी तेवढी सरकणार आणि जॅक तेवढाच तिरका होणार.

या सगळ्यानंतरही हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावायचेच, ड्रमचं काम नसेल तर. गाडीत कुणी बसलेलं नको. मुलांना "आत बसा, ऊन आहे" म्हणणारे बरेच असतात. आतला माणूस हलला की गाडी हलते, आणि दार आपटलं तर विचारूच नका.

जॅकखाली फळी

अठरा मिलीमीटर जाडीचा, साधारण दीड फूट बाय एक फूट प्लायचा तुकडा. पाणी लागणार, म्हणून मरीन प्लाय असेल तर बरं. हा तुकडा कायमचा डिकीत ठेवा.

कारण साधं आहे. छोट्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचं वजन तीनशे किलोच्या आसपास जातं, इंजिन पुढे असल्यामुळे मागच्यापेक्षा जास्तच. गाडीबरोबर येणाऱ्या कैची जॅकचा पाया तळहाताहून फार मोठा नसतो. फळी तो भार चार-पाच पेव्हर ब्लॉकवर पसरवते. एकच ब्लॉक दबून जॅक कलण्याचा प्रकार तिने बराच कमी होतो. पूर्ण जात नाही, म्हणून जागेची तपासणी आधी.

जॅक पुरता वर जाऊनही चाक सुटत नसेल तर त्याचंही उत्तर ही फळीच. गाडीची बॉडी उचलली की स्प्रिंग आधी ताणली जाते आणि चाक तोवर जमिनीवरच लोंबकळतं. उंच गाड्यांमध्ये हे अंतर खूप असतं. जॅक उतरवा, खाली आणखी एक तशीच रुंद फळी घाला आणि पुन्हा सुरुवात करा. जॅकच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा, वीट, स्टेपनीचं झाकण असलं काही ठेवून उंची वाढवायची नाही. पायाखाली रुंद वस्तू चालते. डोक्यावर ठेवलेली वस्तू भार आला की फिरते, फुटते किंवा निसटते.

टायर पार बसलाय आणि जॅक खाली शिरत नाही? त्या चाकापुढे फळी ठेवा आणि गाडी अगदी गोगलगाईच्या चालीने फळीवर घ्या. इंचभर मिळालं तरी पुरतं. मग ठोकळे, मग जॅक.

जॅक नेमका कुठे लागतो

दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, पुढच्या चाकाच्या किंचित मागे आणि मागच्या चाकाच्या किंचित पुढे, प्रत्येक जागी जवळजवळ दोन खाचा असतात. त्या जोडीतल्या दोन खाचांमधल्या तेवढ्याच जागी आतून जास्तीचा पत्रा जोडून मजबुती दिलेली असते. दोन इंच इकडे-तिकडे लावलात की कड दुमडते. गाडीच्या पुस्तिकेत चित्र असतं. पुस्तिका हरवली असेल तर मोबाइलचा टॉर्च घेऊन आडवे व्हा आणि शोधा. खाली खपल्या, चिखल असेल तर आधी पुसा.

इथे मुंबईची एक खास अडचण. गंजू नये म्हणून आपण गाडीच्या पोटाला काळं कोटिंग मारून घेतो. त्या जाड थरात या खाचा बुजून जातात. त्याहून वाईट म्हणजे, खाली सुरू झालेला गंजही झाकला जातो. समुद्रकाठच्या पार्किंगमधल्या किंवा पावसाळ्यात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत मी आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ती कड ठोकून पाहतो. टणक आवाज आला तर ठीक. भसका आवाज आला, कोटिंगखालून तपकिरी पापुद्रे पडले, किंवा टोक जरासं दाबल्यावर आत घुसलं, तर विषय संपला. ती कड गाडीचं वजन घेणार नाही. वेल्डिंगवाल्याकडे जा.

कैची जॅकच्या डोक्यावर एक खाच असते, पत्र्याची कड त्या खाचेत बसली पाहिजे. ट्रॉली जॅकचं डोकं वाटीसारखं लोखंडी असतं, ते कड चेपून टाकतं. त्यावर मधे चीर पाडलेला जाड रबरी तुकडा ठेवा. हा डोक्यावर ठेवायचा एकमेव अपवाद, आणि तो त्या वाटीत नीट बसणाराच हवा.

कुठे लावायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. इंजिनाचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरखालची पट्टी, पायाखालचा सपाट पत्रा, सगळं बाद. सीएनजी गाडीत डिकीतल्या सिलिंडरपासून पुढे इंजिनापर्यंत पोटाखालून नळी जाते, आणि सिलिंडर भरलेला असताना तिच्यात २०० बारच्या आसपास दाब असू शकतो. ती नळी कुठून जाते ते आधी डोळ्यांनी पाहा. इलेक्ट्रिक गाडीचं तर पोट म्हणजेच बॅटरी. कंपनीने दाखवलेल्या जागांपलीकडे जॅक टेकवायचा नाही.

उचलताना तीनदा थांबा. डोकं कडेला टेकल्यावर एकदा. वजन आलं पण टायर अजून टेकलेला आहे तेव्हा दुसऱ्यांदा. टायर कागदभर सुटल्यावर तिसऱ्यांदा. दरवेळी दोन पावलं मागे जाऊन पुढून आणि बाजूने जॅक उभा आहे का ते पाहा. गाडी सरळ वर जात नाही, पलीकडच्या बाजूच्या चाकांवर कलून वर जाते, त्यामुळे जॅकचं डोकं थोडं आत ओढलं जातं. सुरुवातीला सरळ असलेला जॅक वर गेल्यावर कललेला दिसला, तर उतरवून पाया थोडा सरकवा.

नट आणि अडकलेलं चाक

नट जमिनीवरच सैल करायचे, अर्धा फेरा फक्त. गाडी जॅकवर असताना पान्याला दिलेला प्रत्येक झटका गाडीला लागतो, जॅक नेमका तेव्हा सुटतो. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने कचकचून आवळलेले नट गाडीबरोबर आलेल्या छोट्या पान्याने निघत नाहीत. लांब दांड्याचा पाना किंवा पान्यात पाइप घालून जोर वाढवा. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी काम सोपं होतं, फक्त परत लावताना आटे पुसून कोरडे करा. नटाचे कोपरे झिजून गोल झाले असतील तर तिथेच थांबा, पुढे मारामारी करून स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो.

सगळे नट निघाले आणि चाक हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चिकटूनच राहिलं, ही आपल्या दमट हवेची देणगी. लाथ मारायचा मोह आवरा. नट परत हाताने लावा, एकेक फेरा सैल ठेवा, गाडी खाली घ्या, ठोकळे काढा आणि मोकळ्या जागेत फूटभर पुढे, फूटभर मागे अगदी सावकाश घ्या. 'टक' आवाज आला की चाक सुटलं. मग ठोकळे, जॅक, सगळं पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे, मान्य. चाक निघाल्यावर हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून तिथे पातळसं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी अडकणार नाही. ग्रीस हबच्या तोंडाला, स्टडच्या आट्यांना नाही.

काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवू नका. आडवं करून दाराखालच्या कडेखाली सरकवा. जॅक सुटलाच तर गाडी त्या चाकावर बसते.

परत लावताना नट समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे आवळायचे, आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर. छोट्या गाड्यांचा आकडा बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा पुस्तिकेत पाहा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

आता जॅककडे बघा

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही त्रास होतोय, तर जॅकचा दोष धरायला हरकत नाही.

कैची जॅक अगदी खाली असताना सगळ्यात जड फिरतो, ते त्याच्या रचनेमुळे. वर जाईल तसा हलका होतो. हा दोष नव्हे. पण मधेच अडकून एकदम सुटत असेल तर आट्यांमध्ये गंज आणि कचरा आहे. स्टेपनीच्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं आणि जॅक तिथेच पडलेला असतो. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून स्क्रू स्वच्छ करा, पुसा, आट्यांना ग्रीस लावा, दोनदा पुरता उघडून मिटवा. स्क्रू एका टोकाकडून डोळ्याने पाहा. वाकलाय? जॅकच्या हातांच्या सांध्यातले दात झिजलेत? रिव्हेट हलतात? मग सरळ भंगारात द्या. वाकलेला जॅक ठोकून सरळ करत नाहीत.

हायड्रॉलिक जॅक खाली बसतो तेव्हा आधी रिलीज व्हॉल्व्ह पुरता आवळलाय का ते पाहा. बऱ्याचदा तेवढंच असतं. मग तेल: दांडा पूर्ण खाली घालून बूच काढा, कमी असेल तर हायड्रॉलिक जॅकचं तेल भरा. ब्रेक ऑइल घालणारे असतात, त्याने आतले रबरी सील फुगून निकामी होतात. पंप मारताना स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा शिरलीय. व्हॉल्व्ह उघडा ठेवून रिकामाच दहा-पंधरा वेळा पंप करा, हवा निघते. यानंतर चाचणी घ्या: टायर जेमतेम सुटेल इतकीच गाडी उचला, जॅकच्या हाताची उंची मोजा, अर्धा तास कुणीही जवळ न जाता तशीच ठेवा आणि परत मोजा. उतरली असेल तर सील गेलंय. सील बदलून मिळतं, पण स्वस्तातल्या जॅकला तो खटाटोप परवडत नाही.

ट्रॉली जॅकचा एक गुण फार कमी लोकांना माहीत असतो. त्याचा हात वर जाताना कमानीत जातो, म्हणून डोकं गाडीखाली एकाच जागी राहावं यासाठी जॅकला स्वतः थोडं पुढे घरंगळावं लागतं. त्याची चाकं इवलीशी आणि लोखंडी. ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा बारीक खडीवर अडकली की जॅक सरकत नाही, मग एकतर डोकं कडेवरून घसरतं किंवा अख्खी गाडीच ओढली जाते. "ठोकळे लावूनही सरकली" असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा जॅकच्या चाकांखाली बघतो. जमीन झाडून घ्या. पेव्हर असतील तर जॅक आणि त्याच्या सरकण्याची जागा दोन्ही मावतील एवढी मोठी फळी हवी.

जॅकवर लिहिलेली क्षमता वाचा आणि गाडीच्या वजनाशी ताडून पाहा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाडीचा जुना सुटा भाग घ्यायला मी कधीच नाही म्हणणार नाही, पण सेकंड हँड जॅक आणि स्टँड घेऊ नका. आतला सील आणि वेल्डमधली बारीक भेग बाहेरून कळत नाही.

स्टँड, म्हणजे खरा खर्च

चाक बदलण्यापलीकडे काहीही करायचं असेल तर जॅक स्टँडची जोडी लागतेच. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत मिळते, ऑनलाइनही. साधारण दोन-तीन हजारांत घरगुती गाडीला पुरेशी जोडी येते. दाते असलेल्या स्टँडमध्ये वर जास्तीची पिन घालायची सोय असेल तो घ्या.

इथे एक अडचण येते. कैची जॅक आणि स्टँड दोघांनाही तीच एक मजबूत जागा हवी असते. त्यामुळे गाडीबरोबर आलेल्या जॅकने स्टँडचं काम नीट होत नाही. पुस्तिकेत पुढच्या किंवा मागच्या मधल्या क्रॉस मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीवर) जॅक लावायची जागा दाखवली असेल तर तिथे ट्रॉली जॅक लावा आणि स्टँड खाचांखाली. दोन्ही स्टँड एकाच दात्यावर, चारही पाय पूर्ण टेकलेले, खाली फळी. गाडी सावकाश उतरवून वजन स्टँडवर द्या, जॅक जेमतेम टेकलेला राहू द्या. मग बाहेर उभं राहूनच गाडीला दोन्ही हातांनी हलवा, चांगली जोरात. पडायची असेल तर आता पडू दे. तसूभरही सरकली नाही तरच खाली जा, आणि तेही घरात कुणाला तरी सांगून.

इथे थांबा, गॅरेजला फोन करा

- दाराखालची कड गंजलेली किंवा आधीच दुमडलेली.
- सपाट, टणक जागा मिळतच नाही.
- काम करताना गाडीला जोर लावावा लागणार: गिअरबॉक्स काढणं, क्लच, सस्पेन्शनचे जाम झालेले बोल्ट. स्प्रिंगला तर हातच लावू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.
- नटाचे कोपरे गेलेले किंवा स्टड फिरतोय.
- एअर सस्पेन्शनची गाडी, किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाला खालून मार बसलाय.
- दोनदा सगळं नीट करूनही जॅक तिसऱ्यांदा कलला. तिसरा प्रयत्न करू नका, कारण कळलेलं नाही याचा अर्थ ते अजून तिथेच आहे.
- अपघात होऊन कुणी अडकलंच, तर ओढाओढी करू नका. दुसरा जॅक दुसऱ्या मजबूत जागी लावून गाडी वर घ्या, आणि त्याच वेळी दुसऱ्याला १०८ आणि १०१ लावायला सांगा.

मेकॅनिकला फोन करताना "गाडी जॅकवरून पडतेय" एवढंच सांगू नका. गाडीचं मॉडेल, कुठलं चाक, जमीन कसली, कड गंजलीय का, सीएनजी आहे का आणि पार्किंगमध्ये वर किती उंची आहे हे सांगा. टो करणारी गाडी स्टिल्टमध्ये शिरत नसेल तर तो छोटी ट्रॉली आणि दोन माणसं घेऊन येतो. तो येईपर्यंत गाडी चारही चाकांवर खाली ठेवा. चाक काढलेलं असेल आणि परत बसत नसेल, तर ते आडवं करून कडेखाली सरकवा, त्यावर फळी ठेवा, वर उरलेली फट बोटभर राहील असा जॅक हळूच उतरवा आणि वॉचमनला सांगून ठेवा की पोरांना तिथे क्रिकेट खेळू देऊ नको.